शिमग्याच्या मुली

लालबागात परीक्षा जवळ आली हे कळायला वेळापत्रक लागत नाही. शिंका सुरू झाल्या की समजावं. फेब्रुवारी उलटला की मिरच्यांच्या गोण्या गल्लीत उतरतात, मसाला कुटायचे डंक दिवसभर धडधडत राहतात आणि लाल पूड हवेत अशी मिसळते की बसस्टॉपवर उभा असलेला भला माणूसही उगाच रडवेला दिसतो. परवा बाबांकडे जाताना मी एकामागून एक सात शिंका दिल्या. कोपऱ्यावरची भाजीवाली हसून म्हणाली, "बाई, दहावी आली वाटतं!" जन्मभर मी इथल्याच एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी भाजीवालीच्या डोक्यात माझी आणि दहावीची गाठ सुटलेली नाही.

शाळा सिस्टरांची, मुलींची आणि मराठी माध्यमाची. हे तिन्ही एका दमात सांगितलं की माणसं भुवया वर करतात. कॉन्व्हेंट, आणि मराठी? हो, मराठी! गिरण्या जोरात होत्या तेव्हा कामगारांच्या मुलींसाठी सिस्टरांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये शिवणाचा वर्ग काढला. मापं लिहिता यावीत म्हणून मुलींना आकडे शिकवले. आकड्यांपाठोपाठ अक्षरं आली, अक्षरांपाठोपाठ पुस्तकं, आणि मग एक दिवस लोकांच्या लक्षात आलं की अरे, ही तर शाळा झाली. मी तिथे पहिलीपासून दहावीपर्यंत शिकले आणि पुढे तिथेच शिकवायला गेले. माझ्या आयुष्यात फार लांबचा प्रवास म्हणून नाहीच. सगळं एका घंटेच्या टप्प्यात.

यंदा शाळेचा मोठा वाढदिवस आहे. स्मरणिका निघणार आहे. मुख्याध्यापिका सिस्टर लीना वयाने माझ्या मुलीएवढी, मूळची मंगळूरकडची. मराठी इथे येऊन शिकली, आणि माझ्या मुलीपेक्षा बरी बोलते. दिवाळीनंतर तिने मला बोलावून घेतलं. "बाई, शाळेचा इतिहास तुम्हीच लिहा. आठ पानं." मी लिहिला. शेड, शिवणवर्ग, पहिली दगडी इमारत, दुसरी सिमेंटची, खो-खोची ढाल, सगळं आलं. सात पानं जशीच्या तशी पसंत पडली. आठव्या पानावरच्या एका परिच्छेदाभोवती मात्र पेन्सिलीने गोल केलेला होता.

"बाई, हे वाचून मला रडू आलं," सिस्टर लीना म्हणाली. "पण हे छापता येणार नाही."

"का?"

"मुली शाळेत राहायच्या, झोपायच्या, पंधरा-पंधरा दिवस. ऑफिसात एक ओळ नोंद नाही. कमिटी मला पहिला प्रश्न हा विचारेल की परवानगी कोणाची होती? आजकालचे दिवस तुम्हाला माहीत आहेत. कुठल्या तरी पालकाचं लेखी काही असेल तर मला बोलता येईल. नाहीतर हा परिच्छेद सोडून देऊ या."

सोडून देऊ या! मी पिशवी उचलली आणि सांगितलं, "सिस्टर, हा परिच्छेद नसेल तर त्या इतिहासावर माझं नाव घालू नका." तिला वाईट वाटलं असणार. मला वाटलं नाही. तसा माझा स्वभाव पहिल्यापासूनच वाकडा, चाळीत सगळ्यांना माहीत होता.

आता तो परिच्छेद कशाबद्दल होता ते सांगते.

आमच्या शाळेतल्या निम्म्या मुली कोकणातल्या. गणपतीला गावी जायचं आणि शिमग्याला गावी जायचं, या दोन गोष्टींत तडजोड नाही. त्यातही शिमगा म्हणजे होळी पेटल्यावर देवीची पालखी देवळातून बाहेर पडते, घरोघर येते, दारात नाचते. देवी स्वतः आपल्या घरी येते म्हटल्यावर मुंबईत बसून कोण राहील? खोलीला कुलूप लावून अख्खी घरं एसटीत बसायची. मार्च महिन्यात आमच्या चाळीचे मजले असे रिकामे पडायचे की नळाला पाणी आलं तरी भांडायला माणूस नसायचं. आणि दहावीची परीक्षाही मार्चमध्येच. मुलगे मागे राहायचे, शेजारी नाहीतर खानावळीत जेवायचे. पण वयात आलेली मुलगी कुलूपबंद चाळीत एकटी कशी ठेवायची? ती आईबापांबरोबर गावी जायची आणि "पेपराक येव आपण परत" असं ठरायचं.

आमच्या शेजारच्या चाळीतली नलूताई अशीच गेली. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, गणितात पहिली, वेणी घालतानासुद्धा पाढे म्हणणारी. पालखी झाली, परतीची एसटी घाटात बंद पडली, आणि मराठीचा पहिला पेपर नलूताईशिवाय झाला. आमच्या सिस्टर ब्रिजिता त्या दिवशी परीक्षा केंद्राच्या फाटकावर उभ्या होत्या. घंटा झाली, दार लागलं, तरी त्या उन्हात तशाच उभ्या राहिल्या. नलूताई संध्याकाळी पोचली. पुढच्या परीक्षेला बसू म्हणाली. पावसाळ्याआधी तिचं लग्न ठरलं. आज ती मिरची गल्लीत मसाल्यांच्या ऑर्डरी घेते. हिशोब तोंडी करते, कॅल्क्युलेटर लावून तपासला तर एका पैशाने चुकत नाही. मी इतिहास लिहायला घेतला तेव्हा तिच्याकडे गेले होते. म्हणाली, "माझं नको गं लिहूस. माझ्यानंतर एकही मुलगी चुकली नाही, ते लिही."

ते खरं होतं. नलूताईनंतरच्या वर्षापासून सिस्टर ब्रिजितांनी चाळींचे जिने चढायला सुरुवात केली. त्या वसईच्या, बुटक्या, जाड चष्म्याच्या, हातात बारा महिने काळी छत्री. ती छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही, जिना चढताना काठी म्हणून वापरायच्या. वसईचं मराठी ठसक्याचं. होळीला तीन आठवडे राहिले की दहावीच्या ज्या मुली गावी जाणार त्यांच्या घरी त्या जायच्या, आणि परवानगी मागायच्याच नाहीत. सरळ विचारायच्या, "हिची उशी कुठली? ती घेऊन शुक्रवारी या." लोक गांगरायचे. उशी? "हो, उशी. मुलगी शाळेत राहील. जेवण आमचं, अंथरूण आमचं. पण परक्या उशीवर पोरींना झोप लागत नाही, आणि झोप नाही झाली तर भूमिती कशी जमेल?" एखादा बाप म्हणायचा, सिस्टर, अर्ज लिहून देऊ का? त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर. "मला कागद नको, उशी पाहिजे. ज्या घरातनं उशी आली, त्या घरची परवानगी आली."

म्हणून ऑफिसात नोंद नाही. बाई कागदावर विश्वास ठेवणारी नव्हती, आणि वरच्यांना विचारायला गेलं असतं तर नाहीच म्हणाले असते, हेही तिला पक्कं ठाऊक असणार.

माझ्या दहावीच्या वर्षी सिस्टर आमच्याकडे आल्या ती रविवारची सकाळ होती. बाबा घरी होते. गिरणी बंद पडल्यापासून ते एका गोदामावर रात्रपाळीचे वॉचमन होते, दुपारी झोपायचे. दहा बाय बाराची खोली, आम्ही पाच माणसं. आणि त्या वर्षी नेमका पालखीचा मान आमचा. आमच्या गावात पालखी दर वर्षी एका घरी वस्तीला बसते. वाडीतली सगळी घरं फिरून आमची पाळी येईपर्यंत पोरांची लग्नं होतात. बाबा वर्षभर त्याच एका गोष्टीवर जगत होते. भोंगा बंद पडलेल्या माणसाकडे अभिमानाने सांगण्यासारखं दुसरं काय उरलं होतं? घरच्या मुलीने दारात पाणी घालायचं, ओवाळायचं, देवीची ओटी पुढे करायची, आणि घरात मुलगी मी एकटी.

"जमाचा नाय," बाबा म्हणाले. "घरातला चेडू नाय, तर पालखी येवन बसतली कोणासमोर?"

"पालखी थांबते हो," सिस्टर म्हणाल्या. "माणसं खांदा बदलायला थांबतात, तशी ती थांबते. पेपर थांबत नाही."

"तुमका काय कळता आमच्या पालखीतला?" बाबांचा आवाज असा चढला की गॅलरीत माणसं जमली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सिस्टरांवर कोणी असं ओरडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या शांतपणे उठल्या, छत्री घेतली आणि दारात आईला म्हणाल्या, "शुक्रवारी. उशी." आई पदर तोंडाला लावून उभी होती. एवढंच म्हणाली, "बघतंय, सिस्टरनू."

बाबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. जेवताना मीठ हवं असलं तरी आईला सांगायचे, तिका सांग मीठ दी. दोन हातांवर बसलेली मी! आणि मीही काही कमी नव्हते. मला परीक्षा द्यायचीच होती. नलूताईचं वर्ष मी पाहिलं होतं. गॅलरीत बसून ती जुन्या वहीतली कोरी पानं फाडून भावाला देत होती, ते मी पाहिलं होतं. मी आईला सांगितलं, मला ओढून नेलंत तर एसटीतून उतरेन. खरोखर उतरले असते.

शुक्रवारी दुपारी मी शाळेत होते. शिवणवर्गाच्या खोलीत यंत्रं भिंतीला सरकवली होती आणि कापड कापायच्या लांब टेबलांवर गाद्या पसरल्या होत्या. एकेक आई येत होती, उशी देत होती, डोळे पुसत परत जात होती. आठ मुली होत्या, सात उशा आल्या. मी फाटकाकडे टक लावून उभी. तीन वाजले, साडेतीन वाजले. चारच्या सुमाराला माझी आई आली, घामाघूम, काखेत उशी. मी ओळखली. निळ्या चौकड्यांचा अभ्रा, एका कोपऱ्याला तेलाचा डाग. आमच्या घरात उशी एकच होती आणि ती बाबांची.

"आई! ही कशी आणलीस?"

"झोपले हत ते. हळूच काढलंय डोक्याखालसून." आणि मग सिस्टरांकडे वळून, मोठ्याने, "घेवा, सिस्टरनू. आमच्या घरातली उशी."

सिस्टरांनी ती दोन्ही हातांत घेतली. विचारलं काही नाही. त्यांना ती कुणाची आहे ते कळलं असेल का, हा प्रश्न मी चाळीस वर्षं स्वतःला विचारत आले आहे.

बाबा त्याच संध्याकाळी परळ डेपोतून गावी गेले, आई आणि भावंडांना घेऊन. मला भेटायला आले नाहीत. उशीशिवाय गेले.

ते पंधरा दिवस मला आज तासातासाने आठवतात, आणि मागच्या महिन्यात डॉक्टरांनी दिलेली कुठली गोळी दुपारची आणि कुठली रात्रीची ते आठवत नाही. पहाटे पाचला सिस्टर हातघंटा वाजवत यायच्या. मागच्या बेकरीतून पावाचा वास यायचा आणि तो वास संपून मिरचीचा सुरू व्हायच्या आत दोन धडे करायचे, असा नियम. आवारात बदामाचं मोठं झाड होतं, अजून आहे. ऐन परीक्षेच्या दिवसांत त्याची पानं लाल होऊन पडतात. ती आम्ही पुस्तकात खुणेला घालायचो. माझ्या इतिहासाच्या पुस्तकात एक पान इतकी वर्षं राहिलं की पुढे मी त्याच पुस्तकातून शिकवताना ते निघालं; मुलींना वाटलं बाईंनी मुद्दाम ठेवलंय.

आणि तो साबुदाणा! त्याचं सांगायलाच हवं. शिमग्याच्या सुमाराला सिस्टरांचे ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास चालू असतात. ही बातमी आमच्या आयांपर्यंत पोचली. चाळीस दिवस उपास! आमच्या आया हबकल्याच. संकष्टीला आणि सोमवारी काय होतं ते त्यांना माहीत होतं, पण चाळीस दिवस? या बायका जगतात कशावर? त्यामुळे प्रत्येकीने उशीबरोबर सिस्टरांसाठी साबुदाण्याची पुडी दिली. सोबत शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, एकीने सैंधव मीठसुद्धा. स्वयंपाकघरात साबुदाण्याचा ढीग लागला. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही जेवायला गेलो, तर सिस्टरांच्या ताटात चक्क बोंबलाचं कालवण आणि भात. आमच्यातली एक किंचाळली, "सिस्टर, उपास मोडला!"

सिस्टर ब्रिजिता हसता हसता ठसका लागून थांबल्या. मग समजावून सांगितलं की शुक्रवारी मटण-कोंबडी वर्ज्य, मासे चालतात. मासे चालणारा उपास! आम्ही मालवणी मुली, आम्हाला तो धर्म तिथल्या तिथे पटला. पण साबुदाण्याचं काय करायचं? सिस्टर म्हणाल्या, "आयांनी उपासाला पाठवलाय, म्हणजे उपासालाच खायचा." पुढच्या शुक्रवारी त्यांनी स्वतः खिचडी केली. साबुदाणा तांदळासारखा पातेलंभर पाण्यात बुडवून ठेवला होता. जे झालं त्याला खिचडी म्हणणं कठीण. कातरीने कापून वाढावी लागली असती. सगळ्या सिस्टरांनी मुकाट्याने खाल्ली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आम्ही पोरींनी कमरा कसल्या आणि शिकवलं, पाणी एवढंच, रात्रभर नको, कूट शेवटी.

पेपरला आम्ही चालत जायचो. पुढे सिस्टर छत्री टेकत, मागे आम्ही दोन-दोनच्या रांगेत, मिरची गल्ली ओलांडताना नाकावर ओले रुमाल. परत आल्यावर "कसा गेला" असं त्या कधी विचारायच्या नाहीत. "उद्याचं काय?" एवढंच विचारायच्या. ज्या दिवशी गावी पालखी आमच्या घरी बसणार होती, त्या संध्याकाळी मी भूमिती करत होते. दारात पाणी कोण घालेल? ओवाळायला शेजारच्या कुणाची तरी मुलगी बोलावली असेल. बाबा तिच्याकडे बघत असतील. मला एकदम हुंदका आला आणि आवरेना. मी चोर होते. बापाची उशी चोरून मी इथे बसले होते. सिस्टर शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही. म्हणाल्या, "रड. पण प्रमेय पूर्ण कर." मी रडले आणि पूर्ण केलं. दुसऱ्या दिवशी तेच प्रमेय आलं असं लिहायला मला आवडलं असतं, पण आलं नाही. दुसरंच आलं. तेही सोडवलं.

मी पास झाले. जून महिन्यात आईने पेढे आणले. बाबांनी एक तोंडात टाकला आणि आईला म्हणाले, "गोड कमी हा." त्या शिमग्याविषयी आमच्या घरात पुन्हा कोणी शब्द काढला नाही. माझी नोकरी, लग्न, मुलगी, आईचं जाणं, एवढं सगळं होऊन गेलं. बाबा आणि मी सगळं बोलतो. राजकारण बोलतो, गुडघे बोलतो. तेवढं एक बोलत नाही.

आता सिस्टर लीनाला पालकाचं लेखी हवं होतं. आठजणींपैकी सहाजणींचा ग्रुप आहे मोबाइलवर. विचारलं. कुणाचेच आईवडील उरलेले नाहीत. मागच्यापुढच्या वर्षांतल्या मुली शोधल्या, तिथेही तेच. हयात पालक एकच निघाला, आणि तो म्हणजे ज्याने परवानगी दिलीच नव्हती तो! मला हसूही आलं आणि रडूही.

पहिल्यांदा मी वेगळा मार्ग काढून पाहिला. शुक्रवारी मुद्दाम जेवणाच्या वेळी शाळेत गेले. ननांच्या टेबलावर खिचडी होती, छान मोकळी, वर खोबरं.

"सिस्टर, हे काय?" मी विचारलं.

"उपासाचे शुक्रवार ना, बाई. खिचडी असते."

"तुमच्या मंगळूरला करतात?"

"छे! मला वाटलं ही इथल्या ख्रिस्ती लोकांची पद्धत असेल. मी आल्यापासून आहे. आधीच्या सिस्टरही असंच म्हणायच्या, पद्धत आहे."

"लालबागातल्या कुठल्याही ख्रिस्ती घरी जाऊन विचारा, शुक्रवारी साबुदाणा करतात का ते. ही पद्धत आमच्या आयांनी घातली." मी तिला सगळं सांगितलं; ढीग, बोंबील, कातर. ती घास हातात धरून ऐकत राहिली. एवढी वर्षं दर शुक्रवारी ती शिमग्याच्या मुलींचा साबुदाणा खात होती आणि तिला पत्ता नव्हता.

"बाई, माझी खात्री पटली," ती हळू म्हणाली. "मला तुमच्यासाठी भांडायचं आहे. पण कमिटीसमोर मी खिचडी घेऊन जाऊ शकत नाही. एक कागद द्या. एकच."

बरोबर होतं तिचं. रागावता येईना म्हणून जास्तच राग आला. परवा त्या सात शिंका देत मी बाबांकडे निघाले होते ते याचसाठी.

आमची चाळ अजून उभी आहे. समोर दोन टॉवर झाले, त्यांच्या सावलीमुळे आमच्या गॅलरीत दुपारी तीनलाच दिवे लावावे लागतात. बाबा भावाच्या कुटुंबाबरोबर त्याच खोलीत राहतात. ऐंशी ओलांडली, कान शाबूत, डोळे अधू. खाटेवर बसून शिमग्याला कोण कोण गावी चाललंय त्याची चौकशी चालली होती. स्वतःला आता प्रवास झेपत नाही. भावजयीने चहा दिला आणि ती खाली मुलाला आणायला गेली. मी बॅगेतून कागद काढला.

"बाबा, शाळेला तुमच्याकडून लिहून हवंय. मी सांगते, ऐका. नको वाटलं तर नाही म्हणा." मी सगळं सांगून टाकलं. नलूताई, स्मरणिका, पेन्सिलीचा गोल, पालकाचा कागद. चाळीस वर्षं न काढलेला विषय मी एका दमात काढला. बाबा समोरच्या टॉवरकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"ती छत्रीवाली सिस्टर," ते म्हणाले. "गेली मा?"

"कधीच. वसईला पुरलं त्यांना."

"माज्यासमोर बोलणारी बाई ती एकच." मग त्यांनी कागदाकडे बोट केलं. "लिव. तुजा अक्षर बरा हा. मी सही करतंय."

मी लिहायला घेतलं. त्यांनी सांगितलं तसं, शब्दाला शब्द. 'माझी मुलगी सुलभा दहावीच्या परीक्षेला असताना शिमग्याचे पंधरा दिवस शाळेत सिस्टरांकडे राहिली होती.'

"फुडे लिव. माझ्या परवानगीने."

मी पेन खाली ठेवलं. मला हा कागद हवा होता, काहीही करून हवा होता. पण शाळेचा इतिहास खोट्या वाक्यावर उभा करायचा नव्हता, तोही माझ्या हाताने. "नको, बाबा. तेवढं नको. परवानगी तुम्ही दिली नव्हतीत. राहिली होती एवढंच लिहू."

"सिस्टर काय मागी होती? कागद?"

"नाही. उशी."

"मगे? उशी कोणाची होती?"

"तुमची. पण ती आईने काढून घेतली ना. तुम्ही झोपला होतात."

बाबा माझ्याकडे वळले. अधू डोळ्यांनी नीट रोखून बघितलं, लहानपणी पाढा चुकला की बघायचे तसं.

"भर दुपारी डोक्याखालची उशी ओढल्यार झोपता कोण गो? तुजी आवस माज्या उशाशी दहा मिनटां बसलली. हात घाली, परत काढी. हात घाली, परत काढी. तिका धीर होय नाय. शेवटाक मीच मान उचललंय." त्यांनी कागद माझ्या हाताखाली सरकवला. "मी जागोच होतंय, सुलू. लिव."